मावळतीचा डोळा

वंदनानं कळ दाबली आणि सौर पाट्या मोठ्या ऐटीत फिरल्या. फिरल्या त्या नेमक्या उलट्या. सूर्य कपाशीवरून मावळतीकडं कललेला आणि पाट्यांनी तोंड केलं उगवतीला, देऊळघाटच्या रस्त्याकडं. विहिरीवरचा पंप घरघरला, पाइपातून चार थेंब गळले आणि तो बंद पडला.

"रुसली वाटते तुही मशीन!" बांधावरून रंगराव काका ओरडले. बघायला जमलेले सगळे हसले.

वंदनाचे कान तापले. दोन वर्षं खपून तिनं हे यंत्र बनवलं होतं, आणि काल संध्याकाळी ते किती शहाण्यासारखं चाललं होतं! आज चाचणी पार पडली तर पाट्या याच शेतात राहणार होत्या. नाही तर दिवेलागणीच्या आत टेम्पोत चढून परत कॉलेजात. मग थोरला भाऊ गणेश पुन्हा रात्रीच्या लाइनीवर, वीज येईल तेव्हा, बीटी कपाशीला पाणी द्यायला जाणार. असंच रात्री पाणी देताना बाबांना, शेषरावांना, नाग डसला होता. तेव्हापासून गणेश शेतात असला की आई उंबऱ्यात बसून रात्र काढायची.

"मोटर ठीक आहे," तिचे प्राध्यापक वकार सर म्हणाले. "डोळे बघ."

पाट्यांच्या वरच्या कडेला तिनं दोन काचेचे डोळे बसवले होते, एक उगवतीचा, एक मावळतीचा. ज्या डोळ्यावर ऊन जास्त, त्या बाजूला पाट्या वळत. वंदना स्टुलावर चढली. मावळतीच्या डोळ्यावर चांगलं जाड कुंकू फासलेलं होतं.

"कोणं लावलं बे हे?" रंगराव काका म्हणाले. "पूजा त सोजराबाईनं केली सकायी. तिनं त खांबाले लावलं."

खरंच होतं. नव्या अवजाराची पूजा झाली तेव्हा चुलती सोजराबाई पुढं होती. आई, कौशल्याबाई, नेहमीसारखी मागं. शेषराव गेल्यापासून तिच्या हातात कुणी करंडा दिला नव्हता आणि तिनं मागितलाही नव्हता.

वंदनानं स्टुलावरूनच आईकडं पाहिलं. तिनं उजवा हात पदराखाली लपवला होता.

वंदना परत काचेकडं वळली. ओढणीच्या टोकानं तिनं डोळा स्वच्छ पुसला. पाट्या थबकल्या, मग सावकाश मावळतीकडं वळल्या. पंप घरघरला आणि पाणी असं धो धो कोसळलं की रंगराव काकांचं धोतर भिजलं.

"अरे बाप्पा! पोरीनं सूर्य धरला राजेहो!"

मघाशी हसणारेच आता टाळ्या वाजवत होते. वकार सरांनी टेम्पोवाल्याला हातानंच जायला सांगितलं.

"माय, इकडं ये," वंदनानं हाक मारली.

कौशल्याबाई खाली मान घालून आली. "चुकलं वं बाई. कोणी नव्हतं तवा लावलं. मले वाटलं, तेच मशीनचं कपाय."

"जागा तेवढी चुकली. आता सगळ्याइच्या समोर लाव. डोया सोडून."

सोजराबाईचे ओठ हलले, मग ती बाजूला सरली. कौशल्याबाईनं पदराच्या गाठीतली पुडी सोडली आणि खांबाला कुंकू लावलं. बोट पदराला पुसायला निघाली, तोच वंदनानं कपाळ पुढं केलं.

"अन् बनवणारीले?"

आईनं तिला ठसठशीत टिळा लावला. मग पाइपाशी उभ्या गणेशकडं वळून म्हणाली, "गणेश, आज आंगणात दोन खाटा टाकजो. मी बी झोपीन."