निन्फाचं नाक

गरम घ्या, मऊ घ्या! बघू नका, खा!

पालेर्मोच्या बाजारात गास्पारेची आरोळी ऐकली की माणसं हात पुढं करत. वेताची टोपली, वर जाड फडकं. फडक्याखाली वासराच्या मांसाचे उकडून चरबीत तळलेले तुकडे: मऊ हाडं, शिरा, देव जाणे काय काय. गास्पारे न बघता हात घाली, मूठभर काढी, ताज्या पावात कोंबी. आत कुणी डोकावत नसे. डोकावणं म्हणजे त्याच्या आईवरून शिवी देणं.

गरम घ्या

हिवाळ्यातल्या तापानं गास्पारेचा वास गेला. सगळाच. कॉफीचा, लसणाचा, स्वतःच्या घामाचा. हे फक्त बायकोला, निन्फाला ठाऊक. बाजाराला कळतं तर टोपलीला कुणी शिवलं नसतं.

रोज सकाळी तो तिच्यापुढं टोपली धरी. ती वास घेई. "चांगलंय." नाहीतर, "फेकून दे."

तो मुकाट ऐके. घरात मुकाट.

मऊ घ्या

"माझ्या बायकोचं नाक बघितलं का? देव चेहरा द्यायला विसरला, सगळा माल नाकातच भरला! पाऊस आला की अख्खा बाजार त्याच्याखाली उभा राहतो!"

लोक खिदळत. निन्फा शेजारी पाव चिरत उभी असे. विनोद लग्नापासूनचा. पण वास गेल्यापासून गास्पारे तो जास्तच ओरडून सांगे. जिच्या नाकावर जगायचं, ती डोक्यावर बसायला नको.

"नाकाचं सोड ना आता," ती एकदा म्हणाली.

"अगं वेडे, त्याच्यावरच तर धंदा चालतो!"

तिनं पुढचा पाव चिरायला घेतला.

बघू नका

दक्षिणेचा गरम वारा सुटलेला शनिवार. निन्फानं टोपलीवर तोंड वाकवलं. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ.

"चांगलंय."

"नक्की?"

"नाक कुणाचं आहे?"

बाजारात पाववाल्या न्याझियोच्या भट्टीसमोर एक जर्मन जोडपं उभं होतं. हातात तीळ लावलेला पाव, नुकता निघालेला. बोटं भाजत होती, तरी तोडून तोडून खात होते, डोळे मिटून, एकमेकांच्या हनुवटीवरचे तीळ पुसत. गास्पारेनं त्यांना हेरलं. पण सकाळी निन्फानं वास घ्यायला लावलेला तो जास्तीचा वेळ त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

"आधी मालकीणबाई!" तो ओरडला आणि भरलेला पाव बायकोच्या हातात दिला.

बाजार बघत होता. निन्फानं मोठा घास घेतला. चावला. गिळला. आणखी एक घेतला.

"वा," ती म्हणाली.

गास्पारेच्या जिवात जीव आला. त्यानं जर्मनांचे पाव दाबून भरले.

खा

जर्मन बाईनं पहिलाच घास थुंकला. तिचा नवरा ओकायला भिंतीकडं धावला.

"नाजूक पोटं!" गास्पारे हसला.

एकटाच.

"अरे, काय आहे हे?" मासेवाला चिच्चो मागं सरकला.

"आत्ताचं आहे! बायकोनं नाही का खाल्लं?" गास्पारेनं फडकं ओढून काढलं, टोपलीत तोंड खुपसलं, छातीभर श्वास घेतला. "अहाहा! तमालपत्र! केशर!"

त्यानं मान वर केली. भोवती सगळ्यांनी नाकं धरली होती.

आधी न्याझियोला उलगडलं. हसू त्याच्या तोंडावर हळूहळू पसरलं. त्यानं एका हातात गरम पाव घेतला, दुसऱ्या हातात चिच्चोच्या बादलीतलं माशाचं डोकं.

"गास्पारे, डोळे मीट. पाव कुठला, मासा कुठला, सांग."

"सांग की, राजा!" मागून कुणीतरी ओरडलं. "सोपंय!"

गर्दी वाढली. गास्पारेनं बायकोकडं पाहिलं. ती भिंतीला टेकली होती, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, पोटातलं वर येऊ न देता.

"निन्फा," तो हळूच म्हणाला. "तू सांग ना यांना काहीतरी."

तिनं एप्रननं तोंड पुसलं.

"मीट डोळे," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत."