थुंकी नको, बेडका हवा

दाराशी कोणी वही घेऊन आलं की मी आधी त्याचे पाय बघते. बिल्डरची माणसं चकचकीत बूट घालून येतात. ही पोरगी साध्या चपलांत आली होती, तरी मी दाराची साखळी काढली नाही.

"आजी, घरात किती माणसं?"

"कशाला? जेवायला घालणार आहेस?"

ती रुचा. दादरच्या कुठल्याशा संस्थेतली. टीबीच्या तपासणीसाठी लालबागच्या चाळी पालथ्या घालत होती. आमच्या गॅलरीत तिने एक कागद चिकटवला. मी चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचलं: 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? थुंकीची तपासणी करा.' तपासणीच्या नावाने सह्या घेतात आणि त्याच सह्या खोल्या खाली करायच्या कागदावर उमटतात, असं आमच्या मजल्यावर बोललं जायचं. सगळ्यात जास्त मीच बोलायचे.

पण माझी सून सीमा महिनाभर खोकत होती. बादली उचलली की खोकला. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या तिच्या. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, सही मी करतो. तू जरा गप बस."

डबी मिळाली. तिच्यावर सीमाचं नाव, आमचं आडनाव. मी सीमाला बजावलं, "नाव बाहेर जाणार आहे आपलं. काय ते नीट दे."

रिपोर्ट साफ आला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटले, आमच्या घरात रोगबिग नाही. शेजारचे धोंडू भावजी स्वतः खोकत खोकत म्हणाले, "मग वहिनी, सूनबाई खोकते कशाला?"

"तुमची नक्कल करते," मी म्हटलं.

पण खोकला जाईना. मग मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. डबी बदलली असेल. त्या पोरीने घरी बसून रिपोर्ट लिहिला असेल. नाहीतर सीमानेच काहीतरी लबाडी केली असेल. एका दुपारी विळीवर भाजी चिरता चिरता मी तिला धरलंच.

"खरं सांग गो, डबीत काय दिलंस?"

"थुंकी."

"थुंकी म्हणजे?"

"थुंकले, अजून काय! कागदावर तेच लिहिलंय. आणि तुम्हीच म्हणालात ना, नीट दे म्हणून? छातीतलं ते पिवळं, घाण... आपलं नाव असलेल्या डबीत कसं टाकणार?"

माझा हात विळीवरच थांबला. आमचे हे, गुणाजी, गिरणीत होते. कापसाने छाती भरलेली. गिरणीच्या दवाखान्यातला डॉक्टर त्यांच्यावर ओरडायचा, "थुंकतोस काय? बेडका काढ, बेडका!" ते ओरडणं मी या कानांनी ऐकलेलं. आणि घरात सून खोकत असताना मला आठवलं नाही.

रुचाला बोलावून घेतलं. "हे थुंकी कोणी लिहिलं?"

"आम्हीच, आजी. बेडका लिहिलं तर लोकांना किळस येईल, असं मीटिंगमध्ये ठरलं."

"त्या मीटिंगमध्ये खोकणारं कोण होतं?"

पोरीने पिशवीतून नवी डबी काढून सीमाच्या हातात दिली.

दुसऱ्या सकाळी सीमाने चूळ भरली, उघड्या खिडकीशी उभी राहिली, खोल श्वास घेतले आणि छातीच्या तळातून खोकून डबीत टाकलं. या वेळी टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत, पूर्ण बरी होईल.

रुचाने नवा कागद लावला, मोठ्या अक्षरात 'बेडका' लिहून. चार दिवसांनी तोंड पाडून आली. "आजी, पुन्हा डबी द्यायला कोणीच तयार नाही. म्हणतात, शेवंतीवहिनींच्या सुनेचा साफ आला, आमचाही साफच आहे."

तिचा कागद भिंतीवर होता, माझी बढाई घराघरात पोचली होती. मी सीमाकडे बघितलं. आजार तिचा, सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं.

"सांगा," सीमा म्हणाली. "पण 'नीट दे' कोण म्हणालं, तेही सांगा."

जिभेला धार आहे तिच्या. माझ्याच हाताखाली लागली.

संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मी सगळं सांगितलं. बढाई मारली तेवढ्याच मोठ्या आवाजात. कोणी तोंडाला पदर लावून आत गेलं, कोणी दार लोटून घेतलं. घेऊ देत.

सकाळी धोंडू भावजी डबी घेऊन रुचाकडे निघाले होते. मी वाट अडवली. "दाखवा."

"अगो वहिनी, ही काय दाखवायची वस्तू आहे?"

झाकण घट्ट होतं. मी लांबूनच उजेडात बघितलं. पाण्यासारखं स्वच्छ.

"ही थुंकी, भावजी. नवी डबी घ्या, चूळ भरा, छातीतून काढा."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"सुनेला आजारी ठेवली तेव्हापासून. चला."

पुटपुटत गेले. नवी डबी घेऊन खिडकीशी उभे राहिले. मी भिंतीआड थांबले. नुसतं घसा खाकरून परत येतील, या माणसाचा भरवसा नाही.