धापूसाठी वाजलेली थाळी

मित्रांनो, मी काशाची एक जुनी थाळी आहे. माझा काठ झिजला आहे आणि तळ घासून घासून पातळ झाला आहे. तरी कुणी टिचकी मारली तर माझा आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. या आवाजाचे साऱ्या गावाने कौतुक केले, आणि त्याच आवाजाची मला आता भीती वाटते. का, ते सांगते.

एका कासाराने तांबे आणि कथील वितळवून मला ओतले आणि दोन दिवस ठोकून पसरट केले. मग बोटाच्या टोकावर तोलून तो मला म्हणाला, "बोल!" मी बोलले. तो खूश झाला. "नुसतं जेवायचं तर पितळेचं भांडंही चालतं. काशाला बोलता आलं पाहिजे," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पुढे हरकू नावाच्या एका मुलीच्या लग्नात मी आंदण म्हणून निघाले आणि उंटावर बसून केरासरला आले. तेव्हापासून मी इथेच आहे.

केरासरला वाळू सढळ आणि पाणी जपून. मला रोज वाळूनेच घासत. पाण्याची आंघोळ मला दिवाळीला मिळायची, तीही मिळाली तर. अंगण झाडले की तासाभरात वाळू परत उंबऱ्यावर येऊन बसते, पीठ मळले तर पिठात, झोपले तर पापण्यांत. सकाळी दिसणारी वाट संध्याकाळी दिसेलच असे नाही. म्हणून आमच्या गावात डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा जास्त. उंटाच्या घंटेवरून कोण आले ते कळते, आगगाडीच्या शिटीवरून वारा कुठला ते कळते. आणि माझ्या आवाजावरून मुलगा झाला हे कळते.

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मुलगा झाला की थाळी वाजवायची. मुलगी झाली तर सूप बडवायचे. सुपाचा आवाज तो केवढा! फट फट होते आणि शेजारच्या भिंतीपाशी विरून जाते. हरकूला मुलगा झाला, खेताराम, तेव्हा मी पहिल्यांदा वाजले. उलथन्याच्या दांड्याने त्याच्या आत्याने मला असे काही बडवले की गावातल्या म्हाताऱ्यांनी अंथरुणात उठून बसत "कुणाकडं झाला?" म्हणून विचारले. घरोघरचा गूळ माझ्यातच जमा झाला. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा फार मोठेपणा वाटला होता.

खेताराम मोठा झाला आणि रेल्वेच्या टोळीत लागला. रुळांवर साठलेली वाळू उपसायचे काम. आठ-आठ दिवस तो घरी नसायचा. त्याची बायको सुगणी. तिला लागोपाठ तीन मुली झाल्या, आणि तिन्ही वेळा मी फळीवर बसून सुपाचा आवाज ऐकला. तिसरीचे नाव हरकूने धापू ठेवले. धापू म्हणजे पोट भरले, आता पुरे. आमच्याकडे हे नाव पुष्कळ मुलींचे असते.

पण धापूला नावाचे काही वाटत नसे. ती माझ्यातच जेवायची. बाजरीची भाकरी ताकात कुस्करून खायची आणि जेवण झाले की मला टोपीसारखी डोक्यावर घालून अंगणात हिंडायची.

"आजी, मी झाले तेव्हा काय वाजवलं?"

"सूप."

"कुणाला ऐकू आलं?"

"तुझ्या आईला आलं नि मला आलं. अजून कुणाला पाहिजे होतं? राजाला?"

"मग मी झाले हे लोकांना कसं कळलं?"

"तू तोंड उघडलंस तेव्हा कळलं की! अजून कुठं मिटलंयस?" असे म्हणून हरकू तिची वेणी ओढायची आणि दोघी हसायच्या.

समोरच्या घरात पेमाराम राहायचा. तो पागी होता, म्हणजे पावलांचा माग काढणारा. चोरीला गेलेला उंट असो की रुसून गेलेली सून, वाळूवरचे ठसे बघून तो थेट तिथे पोहोचायचा. गल्लीतली सगळी मुले त्याला बाबा म्हणत. त्यांना त्याने आंधीचा, म्हणजे वाळूच्या वादळाचा, एक धडा पाठ करून दिला होता.

"आंधीत सापडलात तर काय करायचं?"

"वाऱ्याकडं पाठ करून बसायचं!"

"आणि चालायला कधी लागायचं?"

"हाक आली की!"

"आणि हाक नाही आली तर?"

"हलायचं नाही!"

सगळ्यात मोठ्याने ओरडायची ती धापू. केरासरला आंधीत जी माणसे गेली, ती चालत सुटली म्हणून गेली. तेव्हा धडा खराच होता. पेमारामची त्यात काही चूक नव्हती.

धापू आठ वर्षांची झाली आणि सुगणीला पुन्हा दिवस गेले. जेठ महिना उजाडला तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "घासून ठेव हो बींदणी, यंदा वाजणार!" बींदणी म्हणजे सून, पण आमच्याकडे साऱ्या गल्लीची ती बींदणीच. सुगणी हसायची आणि मला घासून ठेवायची.

एक दिवस दुपारी धापू लोटा घेऊन ताक आणायला निघाली. वाळूच्या टेकडीपलीकडे चार झोपड्यांची ढाणी होती. तिथे गायी होत्या आणि मागेल त्याला ताक फुकट मिळायचे. थोरल्या दोघी मामाकडे गेल्या होत्या, म्हणून रोज धापूच जायची. "उड्या मारू नकोस, सांडशील," सुगणी म्हणाली. धापूने जाताना मला एक टिचकी मारली.

ती गेली, आणि थोड्या वेळाने वारा एकदम पडला. कावळे ओरडायचे थांबले. हरकू अंगणातून ओरडली, "बींदणी, बाज आत घे! काळी-पिवळी येतेय!" पश्चिमेला आभाळभर एक पिवळी भिंत उभी राहिली होती आणि तिच्या पोटात काळे भरले होते. गावभर धडाधड दारे लागली. लोकांनी फटींत चिंध्या कोंबल्या. भरदुपारी घरात दिवा लावावा लागेल असा अंधार पडला.

सुगणी दारात उभी राहून हाका मारू लागली. "धापू! ए धापू!" वारा तिची हाक तिच्याच तोंडात कोंबत होता. थोड्या वेळात तिचा आवाज बसला आणि नुसती खरखर निघू लागली. नऊ महिन्यांचे पोट घेऊन ती बाहेर जाणार तरी कशी? ती एकदा पायरी उतरली आणि पडली. हरकूने तिला ओढून आत घेतले. तेव्हा तिची नजर माझ्यावर गेली.

"थाळी नको गं!" हरकू म्हणाली. "लोक समजतील पोरगा झाला."

"समजू देत. समजून का होईना, कुणीतरी येईल तर खरं!"

आणि तिने मला वाजवले. मित्रांनो, तेवढ्या जोराने मी कधी वाजले नव्हते. मी आंधीला भेदून जात होते, ते मला कळत होते. माझा आवाज गल्लीत गेला, चौकात गेला, टेकडीकडे गेला. मी मनात म्हणत होते, या रे, कुणीतरी या!

गावाने मला ऐकले. घरोघर लोक खूश झाले. "खेतारामला झाला बरं का! तीन पोरींवर झाला! आंधीत जन्मला, दांडगा निघणार!" बंद दारांमागे हे सगळे चालले होते. ते मला नंतर कळले. पेमाराम तर उठून दाराशी आला होता. "एवढा वेळ कशाला वाजवतायत?" असे तो म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "तीन वेळचं साचलेलं वाजवून घेतायत. तुम्ही कुठं निघालात? बाळंतिणीच्या घरात पुरुषानं पाऊल टाकू नये, एवढंही कळत नाही?" ही रीतही आमच्याकडे जुनीच आहे. तो परत बसला.

दोन तासांनी आंधी ओसरली. सुगणीच्या हाताला फोड आले होते आणि ती अजून मला वाजवतच होती. इतक्यात पेमाराम फडक्यात गुळाची ढेप बांधून आला. उंबऱ्याबाहेरच थांबून, तोंडभर हसत तो म्हणाला, "हरकूभाभी, बधाई! कुठाय आमच्या खेताचा वाघ?"

सुगणीने वळून बघितले. तिचे पोट बघून त्याच्या हातातली ढेप खाली पडली.

"बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "धापू बाहेर आहे."

तो तसाच अनवाणी पळाला. वाळूवर एक ठसा उरला नव्हता. पण धापू लांब नव्हतीच. घरापासून दोनशे पावलांवर, खेजडीच्या झाडाशी, वाऱ्याकडे पाठ करून ती बसली होती. वाळू तिच्या खांद्यांवरून वर चढली होती. मांडीत लोटा होता आणि लोट्यावर ओढणी घट्ट बांधलेली होती. पेमाराम तिला उचलून घेऊन आला तेव्हा ती गेलेली होती. "सापडली तेव्हाच संपलेली होती," असे त्याने सगळ्यांना सांगितले.

चार दिवसांनी सुगणीला मुलगा झाला. खेतारामची बहीण मला हात लावायला गेली, तर सुगणी म्हणाली, "राहू दे. या घरातली थाळी वाजून झाली." मुलाचे नाव जोरा ठेवले. तो वाढला, पण त्याच्या जन्माचा आवाज गावाने ऐकला नाही.

त्यानंतर मात्र मला सुटका नव्हती. आंधी आली की सुगणी मला घेऊन दारात उभी राहायची आणि आंधी सरेपर्यंत वाजवायची. "मी कमी वाजवली," असे ती म्हणायची. "तिच्यापर्यंत पोचलीच नाही. अजून जोरात वाजवायला हवी होती." तिच्या मनाने एवढेच धरून ठेवले होते. गावातले लोक दारे लावून घ्यायचे आणि कानात बोटे घालायचे. ज्यांच्या घरी मुलगा व्हायचा, तेही आता थाळी वाजवायला बिचकू लागले. आणि मी गप्प राहू शकत नव्हते. काशाला मारले की त्याने बोललेच पाहिजे.

अशी अकरा वर्षे गेली. हरकू गेली. दारातल्या वाळूने सुगणीचे डोळे अधू झाले. जोरा तिला आत ओढायचा आणि ती त्याला ढकलून द्यायची. शेवटी एका आंधीत पेमाराम आला. तो फार म्हातारा झाला होता. काठीला धरून, तोंडावर फडके बांधून तो गल्ली ओलांडून आला आणि त्याने माझ्यावर हात ठेवला. माझा आवाज तिथेच मेला.

"बींदणी, पुरे. डोळे गेले तुझे. तिला ऐकू आलं होतं."

सुगणीने मला त्याच्या हाताखालून ओढून घेतले.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "उकरून काढली तेव्हा श्वास चालू होता तिचा. मला म्हणाली, बाबा, भाऊ झाला ना? थाळी ऐकली मी. मी म्हटलं, मग आवाजाच्या दिशेनं आली का नाहीस गं? तर म्हणाली, ती हाक थोडीच होती? हाक आली नाही, म्हणून मी हलले नाही. ताकसुद्धा सांडलं नाही. खूश होती गं. हसत होती. दारापर्यंत येईतो गेली."

बाहेर वारा घोंघावत होता. सुगणी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी कमी वाजवली नव्हती."

"नाही."

"तिला ऐकू आलं. तुम्हालाही आलं. सगळ्या गावाला आलं. एवढ्या सगळ्यांना ऐकू आलं, बाबा, आणि आलं कुणीच नाही."

पेमाराम उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. सुगणीने मला फळीवर उपडे घातले. त्या दिवसापासून तिने मला वाजवले नाही.

मी अजून त्याच फळीवर आहे. आता माझ्यात कुणी जेवत नाही, मला कुणी घासत नाही. आंधी आली की झरोक्यातून वाळूचे कण माझ्यावर येऊन पडतात आणि मी बारीक आवाजात वाजते. बायका म्हणतात, धापू वाजवते. तसे काही नाही, ती वाळू असते. पण कधी कधी वारा पूर्ण पडलेला असतो, अंगणात पानसुद्धा हलत नसते, आणि तरी कुणी टिचकी मारल्यासारखा माझा काठ थरथरतो. तेव्हा मात्र मला काही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आयुष्य झाले. एवढेच मागते की शेजारून कसलाही आवाज आला आणि तो थांबेनासा झाला, तर तो कशाचा आहे हे घरात बसून ठरवू नका. उठा, दार उघडा, जाऊन बघा. फार तर काय होईल? आनंदाच्या घरी भलत्या वेळी आलात म्हणून लोक तुम्हाला हसतील. हसू देत.