नमू तीन

स्कूटर स्टँडवर लावण्याआधीच नम्रताला आपला आवाज ऐकू आला.

आपला म्हणजे गळ्यातला नव्हे, गिटारचा. बंदराजवळच्या मैदानात, स्टेजवर कुणीतरी तिचाच सूर वाजवत होतं. तोच किंचित खरखरीत काठ, मागे तोच विझत जाणारा प्रतिध्वनी. आणि तिची गिटार तर तिच्या पाठीवर होती.

खुर्च्या लावणाऱ्यांतून वाट काढत ती तरातरा स्टेजवर चढली. ऑर्केस्ट्राचा मालक सर्वेश वायरी गुंडाळत होता. महिन्यापूर्वी मुंबईहून परतलेला त्याचा भाचा मितेश नवी कोरी गिटार घेऊन उभा होता. शेजारी त्याचा लॅपटॉप, पडद्यावर सेटिंगचं नाव: 'नमू ३'. मेल्याने नावसुद्धा बदललं नव्हतं.

"ह्या कधी काढलंस माझ्या लॅपटॉपातसून?"

मितेशने मामाकडे पाहिलं. "गेल्या प्रॅक्टिसाक, पेनड्राइव्हवर. तू चाय पिऊक गेल्लंस तेव्हा. मामान सांगल्यान."

"नमू, आरडू नको," सर्वेश म्हणाला. "आज तू बस. मितेश वाजवतलो. लोकांका गिटारवर झिलगो बरो दिसता, बाईमाणूस नाय."

"पण हो आवाज माझो आसा!"

"तुझो खंयचो? कॉम्प्युटराचो तो. बटाण दाबला की कोणाकय येता."

नम्रताची कानशिलं तापली. दिवसभर ती कणकवलीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची आणि संध्याकाळी मालवणला परतायची. घरी सासऱ्यांना मोठा आवाज सोसत नसे, म्हणून अॅम्प्लिफायर कधी आलाच नाही. मग तिने लॅपटॉपवरचं एक सॉफ्टवेअर शिकून घेतलं. खऱ्या अॅम्प्लिफायरचा आवाज ते हुबेहूब काढायचं. पण अॅम्प्लिफायर कुठला, स्पीकर कुठला, स्पीकरसमोरचा माइक किती बोटं दूर, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हेडफोन लावून दीड वर्ष तिने ते ठरवलं होतं. दोनदा सगळं पुसून पुन्हा मांडलं. तिसऱ्या खेपेला जमलं.

नऊ वर्षं ह्याच ऑर्केस्ट्रात तिला गिटार घेऊन ड्रमच्या मागे, दिवा पोचत नाही तिथे उभं केलं होतं. ते तिने गिळलं. हे गिळवेना.

"वाजव रे तू," सर्वेशने भाच्याला खूण केली.

मितेशने जोरात तारा छेडल्या आणि आवाज फाटला. फुटक्या कर्ण्यासारखा भसाडा. त्याने दोन-तीन बटणं फिरवली, तसा तो आणखीच फाटला.

"ह्या काय झाला? नमू, जरा बघ गो. तुका म्हायत आसा ना?"

"माका म्हायत आसा."

ते सेटिंग तिच्या जुन्या गिटारच्या हळू आवाजावर बेतलेलं होतं. हळू वाजवलं तोवर निभावलं; जोरात छेडताच मितेशची गिटार त्यात दुप्पट जोर ओतत होती. पहिलंच बटण थोडं मागे घेतलं की काम झालं असतं. तिने ते घेतलं नाही. मितेशने फिरवलेली बटणं जागेवर आणली, त्याच्या गिटारची वायर ओढून काढली, आपल्या गिटारला लावली आणि गाण्याची सुरुवात वाजवली. सूर स्वच्छ आला. खाली साउंडवाल्याने मान वर केली.

"बरा, बरा," सर्वेश घाईने म्हणाला. "आज तूच वाजव. मितेश बसतलो."

"आज नाय. उद्या पण नाय."

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. 'नमू ३' कायमचं काढून टाकायचं का, असं पडद्याने विचारलं. तिने हो म्हटलं. मग मितेशपुढे हात पसरला, "पेनड्राइव्ह." त्याने खाली मान घालून दिला. त्याच्या घरी आणखी एखादी प्रत असेलच, हे ती जाणून होती.

"नमू, तासाभरात कार्यक्रम! लोकांका काय सांगू मी?"

"सांग, बटाण दाबूक कोण गावला नाय."

रस्त्यावर येताच स्कूटर बाजूला घेऊन ती तशीच बसून राहिली. किती वेळ, कळलं नाही. मैदानात दिवे लागले, निवेदक बोलला, पहिलं गाणं सुरू झालं. गिटारची जागा आली तेव्हा ती कीबोर्डने भरून काढली. टाळ्या वेळेवर पडल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

स्कूटरच्या मुठीवर तिची डाव्या हाताची बोटं एकामागून एक कॉर्ड दाबत होती. गाणं संपेपर्यंत एकही चुकली नाही.