ऑस्टिनच्या पोटातली माणसं

दातांचा डॉक्टर बेरास्तेगी आमच्या गॅरेजात आला, हातातली चार पानं हवेत नाचवली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दार्दो, तू गाढव आहेस का रे?"

दार्दो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "असेन. कोणत्या पानावर?"

"चारही पानांवर! इंग्लंडचे तिन्ही मेळावे नाही म्हणतायत. तिन्ही!"

मी दारात माते, म्हणजे आमच्या कडू चहाच्या पाण्याचा थर्मास घेऊन उभी होते. गरम पाणी माझ्या पायावर सांडलं तरी मला कळलं नाही.

ही सहल माझी होती. दार्दोची गाडी होती, सहल माझी. तीस वर्षं मी इथे हुआन लाकासे गावातल्या गिरणीत लोकरीचं कापड विणलं. ते कापड समुद्रापार जायचं. गठ्ठ्यांवर शहरांची नावं रंगवलेली असायची, ती मी वाचायचे आणि परत मागावर यायचे. कापड गेलं, मी गेले नाही. गिरणी बंद झाल्यावर साहेबलोक गेले, यंत्रं गेली, मी इथेच. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि ठरवलं की आता मी जाणार, आणि विमानातून उतरून बसमध्ये कोंबून घ्यायला नाही जाणार. आमची १९४९ची ऑस्टिन घेऊन जाणार. ती तिकडेच जन्मली. इंग्रजांनी आमचं मांस नेलं, लोकर नेली आणि जहाजं भरून असल्या गाड्या पाठवल्या. मांस त्यांनी केव्हाच पचवलं. गाड्या आम्ही अजून चालवतोय.

नऊ वर्षं मी आखणी केली. अँटवर्पला गाडी उतरवायची, बेल्जियम, फ्रान्स, मग बोटीने इंग्लंड. जूनमध्ये दक्षिणेला एका बागेत जुन्या गाड्यांचा मेळावा, जुलैमध्ये टेकडी चढायची शर्यत, ऑगस्टमध्ये फक्त ऑस्टिनवाल्यांची जत्रा. त्याच्या मधेमधे लहान गावांतले आठवडी मेळावे. ऑस्टिन ताशी सत्तर जाते, उतारावर ऐंशी, आणि तेव्हा दार्दो गप्प बसतो. म्हणून नियम केला, दिवसाला दोनशे किलोमीटर, जास्त नाही. मुक्काम कुठे, कपडे कुठे धुवायचे, दार्दोच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या गावात संपतील, सगळं लिहिलेलं. कोलोनिया शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या चार गाड्या एकत्र जाणार होत्या. डॉक्टर क्लबाचा अध्यक्ष. त्याच्या कंटेनरमध्ये आमच्या ऑस्टिनला अर्धी जागा. कंटेनर बंद व्हायला तीन आठवडे उरले होते.

आणि आता ही चार पानं.

झालं असं की मेळाव्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'गाडीत केलेले बदल लिहा'. शहाणा माणूस तिथे एक ओळ लिहितो. डॉक्टरने लिहिलं होतं, 'काही नाही'. दार्दोने चार पानं लिहिली. अभिमानाने लिहिली. इंजिन मोडीतल्या फ्रेंच व्हॅनचं, डिझेल, १९७९ साली बसवलं कारण पेट्रोल परवडेना. गिअरबॉक्स त्याला जोडणारी पोलादी तबकडी गिरणीच्या कारखान्यात कापली. ब्रेकचे ड्रम स्वतः केले. पाण्याचा पंप गिरणीतल्या एबेर गेमोनातने लेथवर केला. पुढच्या सीटा राजधानी मॉन्टेव्हिडिओतल्या बसच्या. रेडिएटर कोणी केला, दाराच्या बिजागऱ्या कोणी केल्या, तारखेसकट. गावातल्या इंग्रजीच्या बाईंनी तीन संध्याकाळी बसून भाषांतर केलं. त्यांनी विचारलंही होतं, "दार्दो, हे सगळं खरंच पाठवायचं?" तर हा म्हणतो, "का? काही सुटलं का?"

आमच्याकडे ही रीतच होती. गिरणीच्या कारखान्यात जो माणूस भाग बनवायचा तो त्यावर आपल्या नावाची दोन अक्षरं पंचने ठोकायचा. कौतुक म्हणून नाही. यंत्र अडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळावं म्हणून. ऑस्टिनच्या पोटात अकरा जणांची अक्षरं आहेत. दार्दोला वाटलं, इंग्रज हे वाचून खूश होतील.

"ते म्हणतात," डॉक्टर त्यांचं उत्तर सांगत म्हणाला, "तुमची गाडी आमच्या मेळाव्याच्या भावनेत बसत नाही."

"भावनेत?" दार्दो खालून बाहेर आला. तोंडावर ग्रीस. "माझी बायको बसते ना आत. मग झालं तर."

"थट्टा नको. तुझी ऑस्टिन ऑस्टिन राहिलेलीच नाही, त्यांच्या मते."

"मग काय आहे ती? गाय?"

डॉक्टर हसला नाही. तो माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या तीन गाड्यांखाली गालिचे आहेत आणि त्याच्या नखांत आयुष्यात तेल गेलेलं नाही, पण त्या दिवशी तो म्हणाला, "माझ्याकडे मूळ इंजिन आहे. याच सालचं. भागांसाठी घेतलेल्या एका जुन्या गाडीतून काढून ठेवलंय. तू ते बसव, ब्रेक मी मागवून देतो. मॉन्टेव्हिडिओत तपासणी होईल, मूळपणाचा दाखला मिळेल, मी पुन्हा अर्ज घालतो. इंजिन परत आल्यावर दे."

दार्दोने माझ्याकडे पाहिलं. चिंधीने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

मी म्हणाले, "काढ ते डिझेल."

"निबिया, अगं..."

"नऊ वर्षं, दार्दो. काढ."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले. आता कोणी दुसऱ्याचं नाव घेऊन मला वाचवायला येऊ नये.

दोन दिवसांनी ट्रेलरवरून डॉक्टरचं इंजिन आलं. हिरवा रंग दिलेलं, चकचकीत, दवाखान्यातल्या ट्रेसारखं. दार्दोने चेन लावून आपलं इंजिन वर ओढलं आणि बाकावर ठेवलं. मग एकेक भाग सोडवून जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून मांडत गेला. नवीन इंजिनाला यातलं काही बसणार नव्हतं. तो काम करताना शिट्टी वाजवतो. या वेळी वाजवली नाही. मी स्वयंपाकघरात बसून तपासणीच्या तारखा नकाशाशी जुळवत होते आणि शिट्टी ऐकू येत नाही हे मला चांगलं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरिला आली. एबेरची बायको, म्हणजे विधवा; एबेरला जाऊन सहा वर्षं झाली. पेरूसारख्या त्या आमच्या मेंब्रियोची वडी घेऊन आली होती, ती टेबलावर ठेवली आणि मला ओलांडून सरळ गॅरेजात.

"काय रे, पोस्टमॉर्टेम चाललंय?"

"तसंच," दार्दो म्हणाला.

ती कमरेवर हात ठेवून वर्तमानपत्रावरचे भाग बघत फिरली. पंपापाशी थांबली. वाकता येत नाही तिला, गुडघे गेलेत. पायाच्या चपलेने दाखवलं. "हा आमचा ना?"

दार्दोने पंप उचलून तिच्या हातात दिला. तिने ॲप्रनच्या टोकाने तो पुसला, अक्षरं दिसली.

"बघ मेल्याला! घरातल्या नळाची गळती दोन वर्षं दुरुस्त केली नाही याने. म्हणायचा, वॉशर मिळत नाही. आणि तुमच्यासाठी अख्खा पंप!"

"चव्वेचाळीस वर्षं गळला नाही," दार्दो म्हणाला.

"नळ अजून गळतोय." तिने पंप हातात फिरवला. "आता याचं काय करणार?"

"खोक्यात ठेवीन."

"मग मला दे की. घरी त्याच्या हातचं काही म्हणजे काही नाही. सगळं गिरणीत घातलं, उरलेलं तुमच्या गाडीत."

दार्दोने पंप वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळी बांधली, दोन गाठी मारल्या, आणि तिला दिला. ती पिशवीत टाकून निघून गेली. मग तो परत खाली बसला आणि पुढचा बोल्ट सोडवायला घेतला.

एवढंच. रडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर मी चौपट ओरडले असते, मला ते येतं. पण दुपारी ताटात मसुराचा दाट रस्सा, आमचं गिसो, तसंच राहिलं. दार्दोने गिसो टाकलेलं मी एकदाच पाहिलंय, गिरणीच्या फाटकावर कुलूप पडलं त्या दिवशी.

मला राग आला. आधी त्याच्यावर, मग डॉक्टरवर, मग त्या इंग्रजांवर, ज्यांना माझी गाडी त्यांच्या कारखान्यातून निघाली तशी, जणू मधली सत्तर वर्षं कोणी जगलंच नाही अशी हवी होती. श्रीमंताची गाडी गालिच्यावर झोपते म्हणून मूळ राहते. आमची रोज कामावर गेली, बाळंतिणींना इस्पितळात घेऊन गेली, संपाच्या वेळी सुपाची पातेली तिच्यातून गेली. ती झिजणारच. आणि झिजलं ते आम्ही भरलं. यात लाज कसली? शेवटी राग फिरून माझ्यापाशी आला आणि तिथेच बसला. कारण फाटकावर कुलूप लावणारे त्यांच्या यादीत आम्हाला 'जादा' म्हणाले होते, आणि मी तीन दिवसांपूर्वी 'काढ' म्हणाले होते. दोन्ही शब्दांत मला फार फरक दिसेना.

मी दोरिलाच्या घरी गेले. नळ खरंच गळत होता. पंप टीव्हीवर ठेवला होता, खाली विणलेला रुमाल.

"दोरिला, मला तो परत पाहिजे."

"का?"

"बसवायचाय."

"त्या दातवाल्याच्या इंजिनात?"

"नाही. आमच्यात."

ती मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "म्हणजे जाणार नाही तुम्ही?"

"जाणार. कसं ते मला माहीत नाही अजून. पण जाणार."

"हे बघ निबिया, स्पष्ट सांगते. खोक्यात ठेवायला देणार नाही. गाडी गॅरेजात उभी ठेवायची असेल तरी देणार नाही, टीव्हीवर बरा आहे. एबेर मॉन्टेव्हिडिओच्या पुढे कधी गेला नाही. म्हणायचा, निवृत्त झालो की बघू. समुद्रापार नेणार असशील तर ने."

"नेते."

"शपथ?"

"शपथ कसली, तारखा आहेत माझ्याकडे."

"तुझ्या तारखा मी नऊ वर्षं ऐकतेय गं," ती म्हणाली, पण पंप दिला. रुमाल ठेवून घेतला.

दार्दो गॅरेजात डॉक्टरच्या इंजिनाखाली लाकडं लावत होता. मी पंप त्याच्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "आपलं परत बसव."

"आणि मेळावे?"

"बसव आधी. माझी मी बघते."

"निबिया, माझ्यासाठी करत असशील तर..."

"तुझ्यासाठी नाही. दोरिलाला शब्द दिलाय. तुझी काय पत्रास?"

तो हसला. मग चेनला हात घातला.

डॉक्टरला मी फोन केला. तो रागावला, तेही बरोबरच होतं. क्लबाच्या कागदांवर फक्त मेळाव्यांनी घेतलेल्या गाड्या जाणार, म्हणून त्याचा अर्धा कंटेनर रिकामा राहत होता. "अहो बाई," तो म्हणाला, "मेळाव्याच्या दोरीच्या आत घेणारच नाहीत तुम्हाला. इतक्या लांब जाऊन करणार काय?"

"डॉक्टर, हे मेळावे बघायला लोक येतात ना?"

"हजारोंनी."

"ते आपल्या गाड्या कुठे लावतात?"

तो म्हणाला, "शेतात. पार्किंगमध्ये."

"मग मीही तिथे लावीन."

"चार महिन्यांचा प्रवास करून पार्किंगमध्ये?"

"मला माझी गाडी तपासून घ्यायची नाही, डॉक्टर. मला तिकडे जायचंय."

त्याने दोन दिवसांत कोलोनियाच्या एका वकिलाला अर्धी जागा दिली. इंजिन न्यायला मात्र स्वतः आला, आणि जाताना दार्दोच्या चार पानांची प्रत मागितली. का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वडीचे दोन तुकडे खाल्ले.

इंग्रजीच्या बाईंनी तिन्ही मेळाव्यांना एकच प्रश्न लिहिला, पाहुण्यांनी गाडी कुठे लावायची. बागवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. टेकडीवाल्यांनी तिकिटाचा दर पाठवला. ऑस्टिनवाल्यांकडून एका बाईचं पत्र आलं, की कुंपणालगतचं शेत सकाळी सातला उघडतं, जुन्या गाडीने आलेले लोक तिथे डाव्या बाजूला एकत्र लावतात, आणि खरं सांगायचं तर दुपारी आतले लोकही तिथेच येऊन बसतात.

आता आमची गाडी नेणारं दुसरं जहाज एकोणीस दिवस उशिरा निघतं. बागेचा मेळावा त्यामुळे तसाही गेला, त्याच्यावर मी रेघ मारली. बाकीचं सगळं एकोणीस दिवस पुढे सरकवायला सकाळपासून जेवणापर्यंत वेळ लागला. बेल्जियममधला एक दिवस कापला, फ्रान्समधले तीन. गॅरेजातून शिट्टी येत होती. एका ठिकाणी मात्र अडलं. टेकडीच्या शर्यतीला पोचायचं तर एका दिवसात तीनशे दहा किलोमीटर जावं लागतं. दार्दो म्हणतो, ऑस्टिनला जमणार नाही. मी म्हणते, पहाटे चारला निघालो तर जमेल. तो म्हणतो, पहाटे चारला मलाच जमणार नाही. भांडण कालपासून चालू आहे, आणि जहाजाच्या कागदांवर सह्या शुक्रवारी आहेत.