मनाईच्या काळातली वर्दी

सात आठवडे आभाळातून थेंब पडला नव्हता. गवत पायाखाली कडकड मोडायचं. टेकडीवरून वारा सुटला की आमच्या अग्निशमन केंद्रातले सगळे एकमेकांकडे बघायचे. शेवटी हुकूम निघाला: पुढील आदेश होईपर्यंत उघड्यावर आग पेटवण्यास सक्त मनाई. पाचोळा नाही, कचरा नाही, शेकोटीसुद्धा नाही. तो हुकूम मीच टाइप केला आणि त्याची एक प्रत आमच्या फाटकावर चिकटवली, कारण गावातला सगळ्यात मोठा धोका आमच्याच घरात राहत होता.

तो धोका म्हणजे माझे वडील. अण्णांनी एकतीस वर्षं याच केंद्रात फायरमन म्हणून काढली. आता त्यांना सकाळचा चहा दुपारी आठवत नाही, पण परसातला पाचोळा झाडून, ढीग करून पेटवायची सवय काही सुटत नाही. फाटकावरचा हुकूम त्यांनी मोठ्याने वाचला.

"बरं केलं. लोकांना अकलेचा पत्ता नसतो," ते म्हणाले, आणि दहा मिनिटांनी मला विचारलं, "काडेपेटी कुठे ठेवलीस गं?"

मी ते हसण्यावारी नेलं, तिथेच माझं चुकलं. घरातल्या काडेपेट्या लपवल्या, स्वतःला फार शहाणी समजले आणि कामावर जात राहिले. दुपारी शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसायच्या. त्या गुरुवारी काकूंची दाढ ठणकत होती, म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या. "जा हो, तासाभराचा तर प्रश्न आहे," असं मीच त्यांना म्हटलं होतं.

माझं काम वर्दी घेण्याचं. आग लागल्याचा फोन आला की ठरलेले प्रश्न विचारायचे आणि बंब पाठवायचा. पावणेतीनला फोन वाजला. समोर अण्णांच्या मोबाइलचा नंबर होता. मुलीचं नाव त्यांना कधी कधी सापडत नाही, केंद्राचा नंबर मात्र तोंडपाठ.

"आगीची वर्दी देतोय." आवाज खणखणीत होता. पत्ता त्यांनी बिनचूक सांगितला. "परसात पाचोळा पेटलाय, कुंपणाने पेट घेतलाय. वारा घराकडे आहे. मागच्या खोलीचं छप्पर लाकडी. कुणा मूर्खाने मनाई असताना हा उद्योग केलाय."

मी घंटा दाबली. बंब निघाला. पोचायला सहा मिनिटं लागणार होती.

"अण्णा, मी बोलतेय! आधी बाहेर या!"

"वर्दीच्या फोनवर घरगुती बोलायचं नाही, बाई!" ते कडाडले. "आत माझी मुलगी आहे. आठ वर्षांची. तापाने फणफणलीय, मागच्या खोलीत झोपलीय. मी तिला आणायला जातोय."

मी पन्नाशीला आलेय. मागच्या खोलीत जुन्या गाद्या आणि रद्दी सोडली तर काही नाही.

"अण्णा, मीच ती! मी इथे आहे!"

"फोन ठेवा. वेळ जातोय." त्यांना खोकल्याची उबळ आली. धूर घरात शिरला होता. कुठलं तरी दार कुरकुरलं.

त्यांच्या हुकमी आवाजाचा मला जन्मभर राग येत आला होता. जेवायला बसा, हेसुद्धा ते परेडच्या सुरात सांगायचे. आता मी तोच सूर लावला.

"फायरमन, जागेवर थांबा! मुलगी बाहेर काढली आहे."

दार कुरकुरायचं थांबलं.

"कोणी काढली?"

"मी."

"स्वतः पाहिलंत? ऐकीव नको मला."

"स्वतः पाहिलं. माझ्यापाशी आहे, सुखरूप आहे. खोली रिकामी आहे. तुम्ही फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहा आणि बंबाला वाट दाखवा. हा हुकूम आहे."

खोटी माहिती देणाऱ्याला त्यांनी नोकरीत कधी माफ केलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग चपला वाजल्या, फाटकाची कडी वाजली, मोकळ्या वाऱ्याचा आवाज आला. लांबून बंबाचा भोंगाही ऐकू यायला लागला.

"बाहेर आलोय," ते म्हणाले.

इतका वेळ मी ओठ दाबून धरला होता. आता नाही राहवलं. हुंदका फुटला तो सरळ फोनमध्येच.

"ती रडतेय का?" अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला.

"हो," मी म्हटलं. "रडतेय."

"घाबरली असेल. तिला पाणी द्या जरा. आणि सांगा, अण्णा बाहेर उभे आहेत. रडू नकोस म्हणावं."