हलवलेली फाइल

दक्षिण तैवानमधल्या आमच्या नगर कार्यालयासाठी बारा वर्षांपूर्वी मी एक प्रोग्राम लिहिला. सर्व्हर तो रोज सकाळी दहाला आपोआप चालवी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचायचे आणि आदल्या संध्याकाळपासून ज्याचा काटा हलला नाही, त्याचे नाव आरोग्यसेविकेला पाठवायचे. सगळे ठीक असेल तर काहीच पाठवायचे नाही. विनाकारण कोणाला त्रास नको, हा निर्णय माझाच.

निवृत्तीला आठवडा उरला होता. सोमवारी दुपारी मी त्या प्रोग्रामची फाइल माझ्या खासगी फोल्डरमधून सामायिक फोल्डरमध्ये हलवली.

गुरुवारी दुपारी आरोग्यसेविका को हिचा फोन आला. "शेनकाका, तीन दिवस एकही नाव नाही. सगळी म्हातारी मंडळी एकदम ठणठणीत झाली की काय?"

माझ्या जागी येणारी पेइ-जुंग आधी सर्व्हरवरचे हिरवे पाकीट बघायला गेली. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून आम्ही त्यावर हा खाऊ ठेवतो. "तरीच! मुदत संपलीय, काका. रुसलंय बिचारं."

मी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. तीन दिवस, तीन ओळी : परवानगी नाकारली. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलला लेबल असते, आणि वेळापत्रकाने चालणाऱ्या कामाला ठरावीक लेबलाच्याच फाइली उघडता येतात. तिथे मालकाचीही ओळख चालत नाही. फाइलची नक्कल केली असती, तर तिला नव्या जागेचे लेबल मिळाले असते. हलवलेली फाइल जुनेच घेऊन येते. प्रत्येक नव्या माणसाला हे मीच शिकवतो.

"हे लेबलांचं धोरणच बंद करू या ना," पेइ-जुंग म्हणाली. "नुसती कटकट."

"त्याने काही चुकीचं केलेलं नाही. राहू दे."

लेबल बदलले. वेळापत्रकात पुढच्या मिनिटाची वेळ घातली आणि थांबलो. एकच नाव गेले : लियाव युए-मेइ, वय एक्याऐंशी. काटा सोमवार संध्याकाळपासून स्थिर.

चाळीस मिनिटांनी को त्यांच्या घरून फोनवर बोलली. "न्हाणीघरात पडल्या होत्या, काका. डॉक्टर म्हणतात, काल गेल्या."

"काल."

"हो. म्हणजे मंगळवारी नाव आलं असतं, तर..."

पेइ-जुंगने चहा आणला. मी प्यायलो.

शुक्रवारी प्रोग्राम वेळेवर चालला. यादीत तेच नाव आले. नाव वगळण्याच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तो भरला. चूक झाल्याच्या अहवालात माझे नाव लिहिले, शिक्का उमटवला. मग प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली : सगळे ठीक असले, तरी तसे कळवावे.

शनिवारी दहाला पहिला संदेश गेला. सर्व ठीक.